गाडीला ड्रायव्हर नाही, मग क्लेम कुणावर?

गळीत हंगामातली रात्र आहे असं समजा. उंब्रज मागे टाकून एक नवी गाडी कराडकडे निघाली आहे. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, आणि रिफ्लेक्टर असलाच तर बाहेर आलेल्या उसाआड गेलेला. गाडीतली यंत्रणा चालू आहे. ती लेन धरून ठेवते, पुढच्या वाहनापासून अंतर राखते, गरज पडली तर आपणहून ब्रेक मारते. मालकाचा एक हात स्टिअरिंगवर टेकलेला, नजर मोबाइलवर. ट्रॉली अगदी तोंडाशी आल्यावर गाडी एकदम उजवीकडे वळते आणि शेजारून जाणारा मोटरसायकलवाला जागीच जातो.

प्रसंग रचलेला आहे. पण अशा गाड्या पुणे-बंगळूर महामार्गावर आज रोज धावतात आणि उसाच्या ट्रॉल्यांना तर कुणाची ओळख करून द्यायला नको. म्हणून विनाचालक गाडीचा कायदा हा कॅलिफोर्नियाच्या लोकांचा विषय, असं म्हणून साताऱ्या-सांगलीच्या माणसाची सुटका होत नाही.

मोटरसायकलवाल्याच्या घरचे वकिलाकडे गेले की पहिला प्रश्न येणार: गाडी कोण चालवत होतं? आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा सगळा या प्रश्नावर उभा आहे. कलम ३ सांगतं, लायसन्सशिवाय कुणीही सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची नाही. कलम १३४ सांगतं, अपघात झाला तर ड्रायव्हरने जखमीच्या उपचाराची व्यवस्था करायची. धोकादायक चालवली तर कलम १८४. प्रत्येक ठिकाणी कर्ता म्हणजे हाडामांसाचा माणूस. ‘ड्रायव्हर’च्या व्याख्येत तर एवढी काळजी घेतली आहे की टोचन करून ओढत नेलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसलेलासुद्धा ड्रायव्हर ठरतो. स्टिअरिंगपाशी कुणीच नसेल तर काय, हे मात्र तिथे नाही. १९८८ साली ते कुणाला सुचण्याचं कारणही नव्हतं.

इथे थोडं तांत्रिक समजून घेऊ. ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने गाडीच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीपर्यंत गाडी मदतनीस असते. स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळेल, पण रस्त्यावर नजर ठेवणं माणसाचंच काम. आपल्याकडे शोरूममध्ये ‘अ‍ॅडास’ म्हणून जे विकतात ते इथवरच. तिसऱ्या पायरीवर ठरावीक परिस्थितीत गाडीच चालवते, माणसाने नजर काढून घेतली तरी चालतं, फक्त गाडीने सूचना दिली की ताबा घ्यायचा. चौथीवर ठरवून दिलेल्या भागात माणूस लागतच नाही. अमेरिकेत फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वेमो कंपनीच्या टॅक्सी पुढची सीट रिकामी ठेवून भाडी मारतात. पाचवी पायरी म्हणजे कुठेही आणि केव्हाही, भर पावसात खंबाटकी चढतानाही. तशी गाडी जगात अजून कुणी बनवलेली नाही.

कायद्याच्या दृष्टीने मोठी भेग दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधे आहे. दुसरीवर काहीही झालं तरी ड्रायव्हर म्हणजे सीटवरचा माणूस, मग जाहिरातीतला नट स्टिअरिंग सोडून कितीही हसत बसलेला असो. तिसरीपासून पुढे त्या क्षणापुरतं चालवणारं कुणीतरी दुसरंच असतं. पूर्वी बाजारातून परतताना गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल बरोबर घर गाठायचे, आणि वाटेत ते कुणाच्या उभ्या पिकात शिरलेच तर भरपाई मालकाकडून घेतली जायची. आता गाडी मालकाची आहे, पण तिचं शहाणपण कंपनीचं आहे. शिवाय ते शहाणपण इंटरनेटवरून रातोरात बदलतं. काल रात्रीच्या अपडेटनंतर सकाळी गाडी वेगळं वागली, तर मालकाने काय चूक केली?

पैसे मिळतील

भरपाईचा प्रश्न लोकांना सगळ्यात अवघड वाटतो. मला तो त्यातल्या त्यात सोपा वाटतो, कारण निम्मं उत्तर आपल्या कायद्यात आहेच. कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १६४ म्हणतं की वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात मृत्यू झाला तर मालकाने किंवा विमा कंपनीने ५ लाख द्यायचे, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख, आणि चूक कुणाची हे सिद्ध करायची गरज नाही. या कलमाला ड्रायव्हर लागतच नाही. उद्या पूर्ण रिकामी गाडी कुणाला धडकली तरी हे कलम आहे तसं चालेल.

अडचण रकमेची आहे. पंचवीस-तिशीतला कमावता माणूस गेला तर त्याच्या कुटुंबाचं नुकसान ५ लाखांत मावत नाही. त्यासाठी कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं (आणि कलम १६४ ची रक्कम ठरलेल्या पद्धतीने एकदा स्वीकारली की तिथला दावा संपतो, हे घाईत सही करण्याआधी लक्षात ठेवावं). कलम १६६ च्या दाव्यात ड्रायव्हरचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. रिकाम्या गाडीच्या बाबतीत विमा कंपनीचा वकील उभा राहून दोन गोष्टी म्हणेल. निष्काळजीपणा दाखवायला माणूसच नाही. आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणजे पॉलिसीची अट मोडली. दुसऱ्या मुद्द्यावर आपल्याकडे एक वाट मळलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालाचा आधार घेऊन न्यायाधिकरणं अशा वेळी ‘पे अँड रिकव्हर’चा आदेश देतात. विमा कंपनीने आधी अपघातग्रस्ताला पैसे द्यायचे, मग मालकाकडून वसूल करायचे.

ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात जवळपास हीच युक्ती स्वयंचलित गाड्यांसाठी लिहून ठेवली. आधी विमा कंपनी भरते, नंतर गाडी बनवणाऱ्याच्या मागे लागते. २०२४ च्या कायद्यात ते एक पाऊल पुढे गेले: गाडी अधिकृतपणे स्वतः चालत असताना तिने सिग्नल तोडला किंवा कुणाला ठोकलं, तर सीटवर बसलेल्यावर त्या चालवण्याचा गुन्हा लागत नाही, आणि त्या चालवण्याची जबाबदारी परवाना घेतलेल्या कंपनीवर जाते. आपल्याकडे ‘मालकाकडून वसूल करा’ ऐवजी ‘कंपनीकडून वसूल करा’ अशी एक ओळ घातली तरी बरंच काम होईल.

कुणी म्हणेल, सदोष मालासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे की. आहे, आणि त्यात उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्र प्रकरणात दिली आहे. पण ती ‘ग्राहका’ला झालेल्या हानीपुरती. गाडी घेणारा ग्राहक, त्याच्या परवानगीने वापरणाराही ग्राहक. मोटरसायकलवाल्याने ती गाडी घेतलेली नव्हती. तो फक्त तिच्या शेजारून चालला होता.

तुरुंगात कोण जाणार?

फौजदारी बाजू जास्त गुंतागुंतीची आहे. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. बेदरकार चालवणं, कलम २८१. दोन्हींना माणूस लागतो. कंपनीला दंड करता येतो, कोठडीत टाकता येत नाही.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरची चाचणीवरची गाडी सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडकली आणि ती गेली. गाडीत लक्ष ठेवण्यासाठी एक कर्मचारी होती. तपासात निघालं की गाडीच्या यंत्रणेला ती महिला धडकेच्या पाच सेकंदांहून अधिक आधी दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी आणखी काही ठरवत बसली, कारण क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यावर येऊ शकतो हे तिला शिकवलंच नव्हतं. (क्रॉसिंग सोडूनच माणसं येतात अशा आपल्या महामार्गावर ती गाडी काय करती, याचा विचार करा.) कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. गुन्हा दाखल झाला तो सीटवरच्या कर्मचारी बाईवर, आणि २०२३ मध्ये तिने कबुली दिल्यावर तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. पगारी माणूस सापडतो आणि त्याच्या वरचे सुटतात, हे समजायला आपल्याला अमेरिकेत जावं लागत नाही.

साध्या चलनाचाही घोळ होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी मनाई असलेल्या जागी यू-टर्न घेणारी गाडी अडवली. आत कुणी नाही. चलन माणसाच्या नावावर फाडायचं, माणूस नाही, म्हणून कंपनीला कळवून गाडी सोडून दिली. तिथल्या नव्या कायद्याने आता पोलिसांना कंपनीला नियमभंगाची नोटीस देण्याची सोय केली आहे. आपल्याकडे कॅमेऱ्याचं ई-चलन थेट गाडीमालकाच्या मोबाइलवर येतं, त्यामुळे निदान ही एक अडचण आपल्याला कमी भेडसावेल.

पंचनाम्यात न येणारी गोष्ट

आता मूळ दुखण्याकडे येऊ. उंब्रजजवळच्या त्या रचलेल्या अपघातात पोलीस येतील, पंचनामा होईल. टायरच्या खुणा, ब्रेकची लांबी, गाड्यांची स्थिती, रस्त्याची रुंदी, सगळं त्यात येईल. स्टिअरिंग माणसाने फिरवलं की यंत्रणेने, हे येणार नाही. यंत्रणेला ट्रॉली दिसली होती का, किती सेकंद आधी, मालकाला इशारा दिला का, मालकाने तो बंद करून ठेवला होता का, हेही येणार नाही. ही सगळी उत्तरं गाडीच्या संगणकात किंवा कंपनीच्या सर्व्हरवर असतात. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा लढायचा, पुरावा त्याच्याच कपाटात, आणि कपाटाची किल्लीही त्याच्याकडे.

कंपन्या ती किल्ली आपणहून देतील या भरवशावर राहू नये. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या एका गाडीने उडवलेली महिला क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीसमोर पडली. टॅक्सी तिच्यावर आदळून थांबली, आणि मग ‘बाजूला घ्यावं’ म्हणून पुन्हा निघाली, तेव्हा ती महिला सुमारे वीस फूट फरपटली. सरकारी यंत्रणेला दिलेल्या अहवालात कंपनीने फरपटण्याचा भागच गाळला. पुढे परवाना निलंबित झाला, खोट्या अहवालासाठी दंड झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनी जनरल मोटर्सने या टॅक्सी धंद्यातून अंग काढून घेतलं. एका अपघाताच्या खटल्यात मायामीतल्या ऑगस्ट २०२५ च्या निकालात टेस्ला या मोटार कंपनीला सुमारे २४ कोटी डॉलर भरायला सांगितलं गेलं, तिथेही गाडीतल्या नोंदींवरून मोठा झगडा झाला होता. त्या प्रकरणात चालक पडलेला फोन उचलायला वाकला होता आणि ज्यूरीने दोषाचा मोठा वाटा त्याच्यावर ठेवला, तरी कंपनी सुटली नाही. दोघांमधली दोषाची वाटणी नोंद हाती असेल तरच करता येते.

जर्मनीने यावर जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तिथल्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम ६३-अ नुसार गाडीचा ताबा माणसाकडून यंत्रणेकडे किंवा उलट गेला की त्याची वेळ आणि जागा नोंदवावीच लागते. ही नोंद सहा महिन्यांनी पुसायची, पण गाडी अपघातात सापडली असेल तर तीन वर्षं ठेवायची. आणि दावा लावण्यासाठी ज्याला ती लागते त्या तिऱ्हाइताला ती मिळण्याचा हक्क त्याच कलमात आहे. कलम छोटंसं, पण मोटरसायकलवाल्याच्या विधवेच्या हातात काहीतरी ठेवणारं.

आपल्याकडे असं थेट कलम नाही. कलम १६९ ने न्यायाधिकरणाला दिवाणी न्यायालयासारखे कागदपत्रं हजर करायला लावण्याचे अधिकार दिले आहेत, त्यातून वाट काढावी लागेल. शिवाय भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यावर ते यंत्र सांभाळणाऱ्याची सही आणि तज्ज्ञाचीही सही. इथे यंत्र सांभाळणारा म्हणजे परत कंपनीचाच माणूस.

आणि कॅमेऱ्यात आपण

पण नोंद जितकी जास्त, तितकं आपलं खासगीपण कमी. हा ताण कुठल्याच देशाला पुरता सोडवता आलेला नाही. अशी गाडी चहूबाजूंनी सतत चित्रण करते. लोणंदहून तरडगावकडे निघालेल्या माउलींच्या पालखीशेजारून ती गेली तर चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या असलेल्या हजारो वारकऱ्यांचे चेहरे तिच्यात जातात. माण-खटावातून मेंढरं घेऊन खाली उतरणारा धनगर तिच्यात जातो. यांतल्या कुणी कुठल्या अटी-शर्तींवर ‘मान्य आहे’ दाबलेलं नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. कायदा माहिती घेण्याआधी सूचना आणि संमती मागतो. गाडीमालकाला स्क्रीनवर सूचना दाखवता येईल. रस्त्यावरच्या माणसाला कुठे दाखवणार? तुम्ही स्वतःच्या वापरासाठी डॅशकॅम लावला तर घरगुती वापर म्हणून कायद्याबाहेर आहात. तेच चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन गाडीला शिकवायला वापरलं गेलं तर ती सवलत राहत नाही. सरकारी यंत्रणांना मात्र कलम १७ खाली सूट देता येते, आणि तिथे मला जास्त काळजी वाटते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी विनाचालक टॅक्सींचं चित्रण तपासासाठी मागितल्याची उदाहरणं आहेत, निदान तिथे ते वॉरंट काढून.

मालकांनीही गाफील राहू नये. मोझिला या संस्थेने २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडच्या खासगीपणाच्या अटी तपासल्या, सगळे नापास. जनरल मोटर्स चालकांच्या ब्रेकची आणि वेगाची माहिती पुढे देत होती, ती विमा हप्ता ठरवणाऱ्यांपर्यंत पोचत होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली. आपल्या जिल्ह्यात गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारे घरातले चौघे, त्यात एखादा पुतण्या. कुणाच्या ब्रेकवरून कुणाचा हप्ता वाढणार, देव जाणे.

नकाशाची एक वेगळीच बाब आहे. विनाचालक गाडीला सेंटिमीटरच्या हिशेबात रस्ता माहीत लागतो. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या मापात एक मीटरपेक्षा बारीक नकाशे भारतीय संस्थांनीच बनवायचे आणि ते भारतातच साठवायचे. गाडी फिरवून रस्त्याचं सर्वेक्षण करणंही फक्त भारतीय संस्थांना खुलं. कोयनानगरला धरण बघायला गेलेली परदेशी कंपनीची गाडी कॅमेरे चालू ठेवून घाट उतरली, तर ती सहलीला आली की सर्वेक्षणाला, हा वाद कागदावर खरंच होऊ शकतो.

सरकारचं धोरण म्हणाल तर नितीन गडकरींनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की विनाचालक गाड्या येऊ देणार नाही, ७० ते ८० लाख ड्रायव्हरांचा रोजगार जाईल. दुष्काळी पट्ट्यातल्या ज्या घरांची चूल ट्रकच्या पगारावर पेटते त्यांना हे पटेल, मलाही पटतं. पण त्याच सरकारच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम २-ब आहे. नव्या तंत्राच्या संशोधनासाठी केंद्राला एखाद्या प्रकारच्या वाहनाला कायद्यातून सूट देता येते, संसदेत न जाता. दार बंद आहे, कडी आतून काढता येते. आणि भाषणातली मनाई रिकाम्या सीटच्या गाडीला आहे. अर्धवट स्वतः चालणाऱ्या गाड्यांची विक्री बिनबोभाट चालू आहे, आणि वर सांगितलेला पुराव्याचा प्रश्न त्यांनाही तसाच्या तसा लागू आहे.

तेव्हा अशा गाडीच्या अपघातात आपलं माणूस सापडलं तर वकिलाला तीन गोष्टी लगेच करायला सांगाव्यात. गाडीमालक, उत्पादक कंपनी आणि विमा कंपनी, तिघांनाही नोटीस पाठवायची की अपघाताच्या आधीच्या आणि नंतरच्या सर्व इलेक्ट्रॉनिक नोंदी जपून ठेवा, पुसू नका, गाडी दुरुस्तीला टाकून संगणक बदलू नका. पोलिसांनाही लेखी अर्ज द्यायचा की जप्तीत गाडीतलं नोंद ठेवणारं यंत्र घ्या. यंत्रणा चालू होती का, हा प्रश्न जबाबात मालकाला विचारला जाईल असंही बघायचं. कलम १६६ च्या दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. गाडीतली नोंद तेवढे दिवस टिकेल अशी हमी कुठल्याच कलमात लिहिलेली नाही.